पाठीच्या कण्याचा क्षय : उपचारांची कसोटी



कुब्जेची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. मथुरेच्या राजमार्गावरून अंगराग घेऊन चाललेली ती वाकलेल्या देहाची दासी श्रीकृष्णाला भेटली. त्याने तिच्या पावलांवर आपली पावले दाबली, हनुवटीखाली दोन बोटे धरून तिला वर उचलले, आणि ती सरळ झाली. भाविकाला ही कृपेची कथा आहे. हाडांच्या वैद्यकाशी ज्याचा संबंध आला आहे, त्याला मात्र ती ऐकताना थोडी धडकी भरते. कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये एका शस्त्रवैद्याने हाच प्रयोग हाडामांसाच्या मुलांवर करून पाहिला. त्याची हकीकत पुढे यावयाची आहे.

आजचा विषय पाठीच्या कण्याचा क्षय हा आहे. क्षय म्हटला की खोकला, ताप, खंगलेली छाती असे चित्र आपल्यापुढे उभे राहते. परंतु क्षयाचे जंतू फुप्फुसात शिरून तेथेच राहतात असे नाही. रक्ताच्या प्रवाहाबरोबर ते शरीरात कोठेही जाऊन बसू शकतात, आणि हाडांत बसावयाचे झाले तर त्यांची पहिली पसंती कण्याला असते. हाडासांध्यांच्या क्षयाचे जे रोगी येतात, त्यांपैकी सुमारे निम्मे कण्याचे असतात. आपल्याकडे लहान वयात आलेले, मधोमध टोक निघालेले कुबड दिसले, तर ते जन्माचे व्यंग असण्याऐवजी ह्या रोगाची खूण असण्याचा संभव बराच असतो. त्याला पूर्वजन्मीचे पाप म्हणावयाचे, किंवा त्या मनुष्याला आयुष्यभर ‘कुबड्या’ ह्या नावाने हाक मारावयाची, ह्या दोन्ही गोष्टी आपल्या समाजाने पुष्कळ केल्या.

रोग हाडात नेमके काय करतो, ते थोडक्यात पाहू. कण्याचे मणके एकावर एक रचलेले असतात आणि दोहोंच्या मध्ये एक गादी असते. शेजारच्या दोन मणक्यांच्या समोरासमोरच्या कडांना एकाच रोहिणीच्या शाखा रक्त पुरवितात. त्यामुळे जंतू आले की ते बहुधा जोडीने दोन मणके धरतात, तेही पुढच्या अंगाने. पुढची बाजू पोखरली जाऊन खचते, मागची बाजू मात्र शाबूत राहते. घराची पुढची भिंत खचली आणि मागची तशीच उभी राहिली, तर आढे जसे पुढे कलंडेल, तसा कणा पुढे वाकतो आणि पाठीमागे टोक निघते. ह्या पोखरण्यातून पू होतो. तो तापत नाही, लाल होत नाही, ठणकतही नाही. म्हणून त्याला थंड गळू म्हणतात. हा पू स्नायूंच्या कडेकडेने खाली उतरत थेट जांघेत येऊन गाठीसारखा दिसू लागतो. रोगी जांघेतील गाठ दाखवावयास येतो, आणि त्याचे मूळ असते कमरेच्या वर, कण्यात! मणक्यांच्या मागून मज्जारज्जू जातो. पू, कुजलेले हाड, किंवा वाकलेल्या कण्याचे टोक ह्यांपैकी कशाचाही दाब त्याच्यावर आला, की पायांतील बळ जाऊ लागते. प्रथम पाय जड वाटतात, चालताना अडखळावयास होते, पायातली वहाण निसटून मागे राहिली तरी कळत नाही. पुढे दोन्ही पाय लुळे पडतात, आणि मलमूत्राचा ताबाही सुटतो.

हा रोग फार जुना आहे. इजिप्तमधील आमेन देवाच्या एका पुजाऱ्याचा, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा, जतन केलेला देह इ. स. 1910 मध्ये तपासला गेला. त्याच्या पाठीला कुबड होते, आणि कुबडापासून जांघेकडे उतरलेल्या गळवाची जागा तशीच दिसत होती. वैद्यकात मात्र ह्या रोगाला नाव मिळाले ते एका इंग्रज शस्त्रवैद्याचे. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील पर्सिव्हल पॉट ह्यांनी 1779 मध्ये एक लहानसे पुस्तक लिहून कुबड आणि पायांचा लुळेपणा ह्यांचा संबंध स्पष्ट केला. तेव्हापासून ह्याला ‘पॉटचा रोग’ म्हणतात. आमच्याकडील काही रोग्यांना हे नाव ऐकून आपल्याला पोटाचा विकार झाला असे वाटते, हे जाता जाता सांगून टाकतो. पॉट ह्यांना जंतू ठाऊक नव्हता. तो रॉबर्ट कॉख ह्यांनी 1882 मध्ये दाखविला. पॉट ह्यांचा उपाय असा, की कुबडाच्या दोन्ही बाजूंस दाहक द्रव्याने व्रण पाडावयाचे आणि ते महिनोन्‌महिने वाहते ठेवावयाचे. आपल्या खेड्यांत दुखऱ्या पाठीवर तापलेल्या सळईने डाग देण्याची चाल होती, आणि कोठे कोठे अजून आहे. पॉट ह्यांचा उपाय तिच्यापासून फार दूर नव्हता. त्यांचे काही रोगी पुन्हा चालू लागले, आणि उपायाला श्रेय मिळाले. उपायामुळे बरे झाले की उपाय चालू असताना बरे झाले, हा प्रश्न त्या काळी कोणाला पडला नाही. आजच्या भाषणाचा सारा रोख ह्याच प्रश्नावर आहे.

पुढील शंभर-सव्वाशे वर्षे विश्रांतीचे युग होते. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस ह्यांनी शिकविले, की रोगट सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घकाळची विश्रांती पाहिजे. कण्याला विश्रांती द्यावयाची म्हणजे सगळ्या मनुष्यालाच आडवे करावयाचे! फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील बर्क ह्या गावी समुद्राच्या हवेसाठी अशा रोग्यांची रुग्णालये उभी राहिली. तेथील रोगी चाकांच्या गाड्यांवर आडवे पडूनच गावातून हिंडत. स्वित्झर्लंडमध्ये लेसँ येथे ऑग्यूस्त रोलिए ह्यांनी 1903 पासून उघड्या अंगावर ऊन घेण्याची चिकित्सा चालविली. मुले बर्फाच्या पार्श्वभूमीवर लंगोटी लावून उन्हात पडलेली असत. आपल्याकडेही मिरजेजवळची वानलेसवाडी, हैदराबादकरांना ठाऊक असलेली विकाराबादची अनंतगिरी, अशी आरोग्यधामे झाली. बेळगाव, गोवे, कोल्हापूर ह्या बाजूंच्या किती कुटुंबांनी आपले माणूस मिरजेला ठेवले असेल, त्याची गणती करणे कठीण. आरोग्यधामांत स्वच्छ हवा, पुरेसे अन्न आणि माणुसकीची वागणूक मिळे, आणि काही रोगी बरेही होत. परंतु खाटेवर दोन-दोन, तीन-तीन वर्षे! शाळा सुटे, नोकरी सुटे, जमलेले लग्न मोडे. आणि एवढे सोसूनही पुष्कळ जण कुबड घेऊन परत येत, काही जण परत येतच नसत.

त्याच बर्क गावी झां-फ्रान्स्वा कालो ह्यांनी 1896 मध्ये तो कुब्जेचा प्रयोग केला. मुलाला भूल द्यावयाची, माणसांनी हातपाय ताणून धरावयाचे, आणि कुबडावर जोर देऊन कणा एकदम सरळ करून वर प्लॅस्टर चढवावयाचे. प्रथम सर्वत्र वाहवा झाली. ठिकठिकाणच्या शस्त्रवैद्यांनी अनुकरण केले. मग कळू लागले, की काहींचे पाय गेले, काही दगावले, आणि जे सरळ झाले होते त्यांचेही कुबड पुन्हा उभे राहिले. ही रीत लवकरच टाकून देण्यात आली. आजही एखादा हाडवैद्य पाठीवर गुडघा रोवून ‘मणका बसवून देतो’ म्हणतो, तेव्हा ही गोष्ट आठवावी. पोखरलेल्या मणक्याला दाब सोसत नाही. दुखण्याचे कारण समजण्यापूर्वी पाठ कोणाच्याही हाती तुडवावयास देऊ नये.

1911 साली न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्ज आणि फ्रेड आल्बी ह्यांनी, एकमेकांपासून निराळ्या रीतींनी, मणक्यांची मागची बाजू हाडानेच सांधून टाकण्याची शस्त्रक्रिया केली. निसर्ग जे सांधणे वर्षांनी करतो ते आपण महिन्यांत करावे, ही कल्पना. ती चांगली होती. परंतु रोग पुढच्या बाजूस आणि शस्त्र मागच्या बाजूस, अशी तिची मर्यादा होती.

खरा पालट औषधांनी घडविला. सेल्मन वॅक्समन ह्यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ ह्यांनी 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन शोधले. मागाहून पॅस आले, आणि 1952 मध्ये आयसोनियाझिड. हे तिसरे औषध स्वस्त, तोंडाने घेण्याजोगे आणि अतिशय परिणामकारक होते. येथे ब्रिटनमधील एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. महायुद्धानंतर त्या देशाजवळ स्ट्रेप्टोमायसिन फारच थोडे होते. सर्वांना पुरणे शक्यच नव्हते. तेव्हा ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल ह्या संख्याशास्त्रज्ञाने सुचविले, की कोणाला औषध मिळावे हे वैद्याने ठरवू नये. बंद पाकिटांतील चिठ्ठ्यांनी ठरवावे. 107 रोग्यांपैकी 55 जणांना औषध आणि विश्रांती मिळाली, 52 जणांना त्या काळच्या रिवाजाप्रमाणे केवळ विश्रांती. फुप्फुसाच्या क्षयावरील ह्या प्रयोगाचा निकाल 1948 मध्ये प्रसिद्ध झाला आणि औषधाचा गुण निर्विवाद ठरला. हिल ह्यांना स्वतःला तरुणपणी, पहिल्या महायुद्धाच्या काळात, क्षय झाला होता आणि त्यामुळे त्यांचे डॉक्टर होणे राहून गेले होते.

चिठ्ठी टाकणे हे ऐकावयास कठोर वाटते. मनुष्याच्या जिवाचा निकाल काय सोडतीवर सोडावयाचा? परंतु विचार करून पाहा. दोन उपचारांपैकी सरस कोणता हे खरोखर कोणालाच ठाऊक नसते, तेव्हा वैद्य आपल्या आवडीचा उपचार करतो, आणि तोही बहुधा ज्यांची प्रकृती बरी आहे अशांवर. मग ते बरे झाले की उपचाराचे नाव होते. चिठ्ठीने निवड केली, म्हणजे दोन्ही बाजूंस सशक्त आणि अशक्त, लहान आणि मोठे सारखे वाटले जातात, आणि शेवटी जो फरक उरतो तो उपचाराचा असतो. पॉट ह्यांच्या काळापासून अडलेल्या प्रश्नाचे उत्तर ह्या साध्या युक्तीत होते.

कण्याच्या क्षयाला ही कसोटी लागली, ती दोन परस्परविरुद्ध पंथ उभे राहिल्यावर. पहिला पंथ हाँगकाँगचा. तेथे आर्थर हॉजसन आणि फ्रान्सिस स्टॉक ह्यांनी 1956 मध्ये आपली शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. छातीच्या बाजूने आत शिरून, फुप्फुस बाजूस सारून, थेट मणक्यांच्या पुढच्या अंगाला जावयाचे; कुजलेले सर्व हाड आणि पू काढून टाकावयाचा; आणि मधल्या पोकळीत बरगडीचे वा कमरेचे हाड पाचरीसारखे बसवावयाचे. धाडसाची आणि मोठ्या कौशल्याची ही शस्त्रक्रिया होती. दुसरा पंथ आफ्रिकेतला. नायजेरियातील इबादान येथे कॉन्स्टाम ह्यांच्यापुढे रोगी शेकडो होते, आणि त्यांना महिनोन्‌महिने निजवून ठेवण्याइतक्या खाटा नव्हत्या. त्यांनी औषधे दिली आणि रोग्यांना हिंडते-फिरते ठेवले. 1962 पर्यंत 207 रोग्यांचा अनुभव त्यांनी मांडला. बहुतेक जण बरे झाले होते. दारिद्र्यातून निघालेली ही रीत पाहून युरोपातील अनेक तज्ज्ञांनी नाक मुरडले. कुजलेल्या हाडात रक्त जात नाही, मग औषध तरी कसे जाणार, असा त्यांचा आक्षेप होता.

वाद शब्दांनी मिटणारा नव्हता. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने एक कार्यमंडळ नेमून चार ठिकाणी चिठ्ठ्यांच्या पद्धतीने प्रयोग केले, आणि त्यांचे पहिले अहवाल 1973 आणि 1974 मध्ये बाहेर आले. कोरियातील मासान येथे अर्ध्या रोग्यांना सहा महिने रुग्णालयात निजवून ठेवले आणि अर्ध्यांना पहिल्या दिवसापासून घरी चालते ठेवले. औषधे दोघांना तीच, दीड वर्ष. पुसान येथे अर्ध्या मुलांना नऊ महिने प्लॅस्टरचे जाकीट घातले, अर्ध्यांना घातले नाही. आजच्या झिंबाब्वेतील बुलावायो येथे केवळ औषध आणि औषधाबरोबर रोगट भाग खरवडून काढण्याची शस्त्रक्रिया ह्यांची तुलना झाली. हाँगकाँगला तशी साधी शस्त्रक्रिया आणि हॉजसन ह्यांची पूर्ण शस्त्रक्रिया अशी जोडी लावली.

निकाल पाहून जुन्या पिढीतील वैद्यांना काय वाटले असेल! सहा महिन्यांच्या निजून राहण्याने काडीचाही फायदा झाला नव्हता. प्लॅस्टरच्या जाकिटानेही नाही. हिंडणाऱ्या रोग्यांपैकीही बहुसंख्य बरे झाले, आणि निजलेल्यांइतकेच झाले. नुसते खरवडून काढण्याने औषधावर भर पडली नव्हती. पहिल्या तीन महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने टोचण्यानेही नाही. दीडशे वर्षे ज्या विश्रांतीवर वैद्यकाने भिस्त ठेवली, जिच्यासाठी कित्येकांनी आपले तारुण्य खाटेवर घालविले, ती औषधाच्या जोडीला अनावश्यक ठरली. एका गोष्टीत मात्र हाँगकाँगचा पंथ सरस निघाला. पूर्ण शस्त्रक्रिया झालेल्यांचे मणके लवकर सांधले गेले आणि त्यांचे कुबड वाढले नाही. हा फरक लहान नव्हे, त्याकडे मी परत येणार आहे. आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. ज्यांचे पाय इतके गेले होते की खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणेही होत नव्हते, असे रोगी ह्या प्रयोगांत घेतलेले नव्हते. हा निकाल त्यांना जसाच्या तसा लावता येत नाही.

ह्या संशोधनात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. मद्रासला 1956 मध्ये क्षयरोगावरील औषधोपचारांचे केंद्र निघाले. 1959 मध्ये त्याने दाखवून दिले, की फुप्फुसाच्या क्षयाचा गरीब रोगी आपल्या दाटीच्या घरात राहून औषध घेईल, तर तो आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो. जगभरच्या आरोग्यधामांची दारे हळूहळू मिटली, त्यामागे हा निकाल आहे. त्याच केंद्राने पुढे कण्याच्या क्षयाचा प्रयोग हाती घेतला. तोपर्यंत रिफँपिसिन आले होते. एका गटाला हाँगकाँगची शस्त्रक्रिया आणि सहा महिने आयसोनियाझिड व रिफँपिसिन. दुसऱ्याला शस्त्रक्रियेवाचून सहा महिने. तिसऱ्याला शस्त्रक्रियेवाचून नऊ महिने. दहा वर्षे रोग्यांचा मागोवा घेऊन 1999 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. तिन्ही गटांत शेकडा नव्वद किंवा त्याहून अधिक रोग्यांची स्थिती समाधानकारक होती, आणि शस्त्रक्रियेचा गट पुढे नव्हता. दहा वर्षे, गावोगावच्या रोग्यांना शोधून पुन्हा पुन्हा तपासावयाचे, हे काम किती चिकाटीचे असेल त्याची कल्पना करावी. शस्त्रक्रियेचे छायाचित्र वृत्तपत्रात येते. पत्ता शोधत फिरणाऱ्या कर्मचाऱ्याचे येत नाही.

काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात डॉ. एस. एम. तुली ह्यांनी ह्याच सुमारास दोन्ही पंथांमधील वाट काढली. प्रत्येक रोग्यावर मोठी शस्त्रक्रिया करण्याची साधने आपल्या देशात नव्हती, आणि तिची प्रत्येकाला गरजही नव्हती. प्रथम सर्वांना औषधे द्यावीत. ज्यांचा रोग औषधांना दाद देत नाही, ज्यांच्या पायांतील बळ काही आठवड्यांत परत येत नाही वा अधिकच जाते, जेथे निदानच संशयित आहे, अशांवरच शस्त्र चालवावे. ह्या रीतीला ते ‘मध्यममार्ग’ म्हणत. 1975 मध्ये त्यांनी तिचे निकाल इंग्लंडच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेची गरज लागणाऱ्यांची संख्या तज्ज्ञांच्या अपेक्षेहून फारच कमी निघाली. कुजलेल्या हाडात औषध पोचत नाही ह्या आक्षेपालाही काशीहूनच उत्तर मिळाले. तुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोगट जागेतील पुवातच औषधाचे प्रमाण मोजले, आणि ते जंतूंना पुरून उरण्याइतके भरले. पुस्तकातील तर्क कितीही सुसंगत असला, तरी मोजून पाहिलेले अधिक खरे, इतकेच येथे म्हणतो.

तर मग शस्त्रक्रिया नकोच काय? असे नाही. येथे लहान मुलांचा प्रश्न येतो. मोठ्या मनुष्याचा रोग बरा झाला की त्याचे कुबड बहुधा आहे तेथेच थांबते. मुलाचा कणा वाढावयाचा असतो. जंतू मेले, औषध संपले, घरच्यांनी नवस फेडला. आणि तरीही कुबड वर्षानुवर्षे वाढतच राहिले, असे होऊ शकते. तामिळनाडूतील डॉ. टी. के. षण्मुगसुंदरम आणि कोइमतूरचे डॉ. एस. राजशेखरन ह्यांनी ह्या मुलांचा फार बारकाईने अभ्यास केला. राजशेखरन ह्यांनी 61 मुलांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवून 2001 मध्ये जे प्रसिद्ध केले, ते ऐकण्याजोगे आहे. रोग बरा झाल्यावर वाढीच्या वयात शेकडा 39 मुलांचे कुबड वाढत गेले, शेकडा 44 जणांचे आपोआप कमी झाले, आणि शेकडा 17 जणांत विशेष फरक पडला नाही. सर्वांवर शस्त्र चालविले असते, तर निम्म्याहून अधिकांवर ते वृथा चालले असते. कोणावरच चालविले नसते, तर पाचांपैकी दोघे हळूहळू वाकत गेले असते, आणि त्यांतल्या काहींचे पाय ऐन तारुण्यात, रोग जाऊन कित्येक वर्षे लोटल्यावर, दुबळे पडले असते. कारण तीव्र कोनावर ताणलेला मज्जारज्जू पुढे दगा देतो. मग हे आधी ओळखावयाचे कसे? त्यांनी क्ष-किरणाच्या साध्या चित्रावरील चार खुणा सांगितल्या. मणक्यांचे मागचे सांधे एकमेकांपासून सुटलेले दिसणे, रोगट मणक्याचा तुकडा मागे सरकलेला असणे, मणके आडव्या दिशेने घसरलेले असणे, आणि वरचा मणका खालच्यावर कलंडलेला असणे. ह्यांपैकी दोहोंहून अधिक खुणा असतील, तर ते कुबड वाढणार असे समजून वेळीच शस्त्रक्रिया करावी. ह्याला महागडे यंत्र लागत नाही. तालुक्याच्या गावी निघणारे चित्र आणि ते नीट पाहणारा डोळा पुरतो. माझ्या मते गेल्या अर्धशतकात ह्या विषयात जे जे झाले, त्यांत आपल्या देशाच्या परिस्थितीला इतके उपयोगी पडणारे दुसरे काही नाही.

आता ऐकणाऱ्यांना प्रत्यक्ष उपयोगी पडेल असे थोडे. पाठदुखी कोणाला होत नाही? बहुतेक पाठदुख्या चार-सहा आठवड्यांत जातात. परंतु जी दुखणी जात नाहीत, रात्री झोपेतून उठवितात, ज्यांच्याबरोबर संध्याकाळचा बारीक ताप, भूक मंदावणे, वजन उतरणे हे असते, त्यांना केवळ बाम आणि शेक देत बसू नये. मुलांच्या बाबतीत एक जुनी आणि सोपी परीक्षा आहे. जमिनीवर एक नाणे टाकावे आणि मुलाला उचलावयास सांगावे. निरोगी मूल कमरेत वाकून उचलते. कण्याचा रोग असलेले मूल पाठ ताठ ठेवते आणि गुडघ्यांत मुडपून, उकिडवे बसून ते नाणे घेते. आरंभी क्ष-किरणात काहीच दिसत नाही, कारण हाड बरेच झिजल्यावाचून त्याची सावली चित्रात पडत नाही, एम.आर.आय. मध्ये रोग पुष्कळ आधी दिसतो. आणि शक्य असेल तेथे सुईने रोगट भागाचा नमुना काढून जंतूंची खात्री करून घ्यावी. आजकाल जंतूंच्या जनुकांची तपासणी काही तासांत होते, आणि रिफँपिसिनला दाद न देणारा जंतू आहे की काय, हेही त्याच तपासणीत कळते. हे कळणे अत्यंत महत्त्वाचे झाले आहे. मासान आणि मद्रासचे निकाल औषधांना दाद देणाऱ्या जंतूंचे आहेत. औषध धरसोड करून घेतले की जंतू निर्ढावतात, आणि मग त्या निकालांचा आधार आपल्याला उरत नाही.

औषधे शासनातर्फे विनामूल्य मिळतात. ती चालू केल्यावर लघवी नारिंगी होते, आणि पुष्कळ रोगी घाबरून गोळ्या सोडतात. तो रिफँपिसिनचा रंग आहे, त्यात भिण्यासारखे काही नाही. मात्र डोळ्यांना दिसणे कमी होऊ लागले, रंग ओळखता येईनासे झाले, किंवा कावीळ दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. महिना-दोन महिन्यांत पाठ दुखावयाची थांबते, वजन वाढते, आणि घरात म्हणू लागतात, आता कशाला इतक्या गोळ्या? धोक्याची जागा हीच. आणखी एक. ज्याच्या फुप्फुसात रोग नाही, त्याच्या कण्याचा क्षय खोकल्या-शिंकल्याने कोणाला लागत नाही. त्याचे ताट-वाटी निराळे करण्याचे, किंवा मुलीला झाला म्हणून सोयरिकीच्या भीतीने ती गोष्ट लपवून उपचार लांबविण्याचे काहीच कारण नाही. लपविलेल्या दिवसांची किंमत त्या मुलीच्या कण्याला द्यावी लागते.

औषध किती दिवस घ्यावे, हा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. मद्रासच्या प्रयोगात सहा आणि नऊ महिन्यांनी काम भागले होते. तरीही 2016 मध्ये आपल्या देशात जी मार्गदर्शक तत्त्वे ठरली, त्यांत हाडासांध्यांच्या क्षयाला बारा महिने, आणि जरूर पडल्यास अठरा महिनेपर्यंत, औषध सांगितलेले आहे. ह्यात विसंगती दिसते, पण तिला कारण आहे. फुप्फुसाच्या क्षयात थुंकी तपासून जंतू गेले की नाही ते पाहता येते. कण्यातून पुन्हा पुन्हा नमुना काढणार कोण? एम.आर.आय. घ्यावे तर रोग बरा झाल्यावरही मणक्यातील बदल त्यात महिनोन्‌महिने रेंगाळताना दिसतात. ते जिवंत रोगाचे की भरत आलेल्या जखमेचे, हे चित्र सांगत नाही. म्हणून कण्याच्या रोग्याला औषध केव्हा बंद करावयाचे हे त्याचे वजन, त्याची पाठ, त्याचे पाय आणि सांधत आलेले हाड पाहून डॉक्टर ठरवितात, आणि औषध बंद झाल्यावरही निदान दोन वर्षे त्याला अधूनमधून बोलावून पाहतात. रोगी मूल असेल, तर त्याची उंची वाढणे थांबेपर्यंत.